उकल होती, नाव नव्हते

फळ्यावर एक समीकरण लिहा : २ चा क्षवा घात = ४ × क्ष. अकरावीच्या वर्गातला एखादा विद्यार्थी लगेच सांगेल, ‘क्ष बरोबर ४.’ ताळा जुळतो. दोन्ही बाजू १६ होतात. पण कोणी आलेख काढला, तर घातांकी वक्र आणि सरळ रेषा आणखी एका ठिकाणी, ० आणि १ यांच्या दरम्यान, छेदताना दिसतील. हे दुसरे उत्तर काढायचे कसे? दोन्ही बाजूंचा लॉग घेतला तर घातांकातला क्ष खाली उतरतो, पण तेवढ्यात उजवीकडचा क्ष लॉगमध्ये जाऊन बसतो. क्ष काही एकटा सापडत नाही. मग आपण म्हणतो, ‘असली समीकरणे सुटत नाहीत.’ हे कितपत खरे आहे?

योहान हाइनरिख लँबर्ट याचा जन्म १७२८ मध्ये, आज फ्रान्समध्ये असलेल्या म्यूलूझ गावी, एका शिंप्याच्या घरी झाला. वडिलांना मदत करण्यासाठी बाराव्या वर्षी त्याची शाळा सुटली. पुढचे शिक्षण त्याने स्वतःच पुस्तके वाचून केले. १७४८ पासून तो आजच्या स्वित्झर्लंडमधील कूर येथे एका सरदार घराण्यातील मुलांचा शिक्षक होता. ‘पाय’ ही संख्या अपरिमेय असल्याचे पुढे त्यानेच प्रथम सिद्ध केले.

१७५८ मध्ये लँबर्टने एक बैजिक प्रश्न हाताळला : अज्ञात संख्या = एक ज्ञात संख्या + त्याच अज्ञाताचा एखादा घात. याची उकल त्याने अनंत श्रेणीच्या रूपात दिली. घातांकी पद यात कुठेच नव्हते.

ते आणले लिओनार्ड ऑयलरने. १७७९ साली लँबर्टच्या मृत्यूला दोन वर्षे झाली होती. सेंट पीटर्सबर्गमध्ये ऑयलर जवळजवळ पूर्ण अंध झालेला होता, पण त्याचे काम थांबले नव्हते. त्याने लँबर्टच्या समीकरणाला अधिक सममित रूप दिले. त्यात एकाच संख्येच्या दोन घातांची वजाबाकी येते. हे दोन घातांक एकमेकांच्या अगदी जवळ आले तर काय होईल, हे त्याने तपासले. घातांच्या फरकाला घातांकांच्या फरकाने भागले, की सीमेला नैसर्गिक लॉग मिळतो. त्यातून एक साधे समीकरण हाती आले :

य चा लॉग = म × य.

म्हणजेच, एका बाजूला य आणि दुसऱ्या बाजूला घातांकात य. हा निबंध १७८३ मध्ये, ऑयलरच्या मृत्यूच्या वर्षी, छापला गेला. श्रेणीला नाव मात्र त्याने लँबर्टचेच दिले.

आता आपले समीकरण घेऊ. ४क्ष म्हणजे य मानला, तर म ची किंमत २ च्या नैसर्गिक लॉगचा चौथा भाग, म्हणजे ०.१७३३ येते. श्रेणी १ पासून सुरू होते. पुढे म, म चा वर्ग, घन, चौथा घात यांना अनुक्रमे १, ३/२, १६/६, १२५/२४ यांनी गुणून मिळवत जायचे. या गुणकांची रचना पाहा : अंशात ३, ४ चा वर्ग, ५ चा घन; छेदात २, ३, ४ यांची क्रमगुणिते. पहिल्या पाच पदांची बेरीज १.२३६९ होते, पुढची पदे घेत गेल्यास ती १.२३९६ कडे जाते. चारने भागले की क्ष = ०.३०९९. हरवलेले उत्तर सापडले!

याच जातीचे समीकरण पुढे भौतिकीतही भेटले. प्लँकच्या १९०० सालच्या सूत्रावरून तप्त वस्तूचे प्रारण कोणत्या तरंगलांबीला सर्वाधिक असते हे काढताना ते येते. त्याचे उत्तर सुमारे ४.९६५ असून, त्यावरून वीनचा स्थिरांक (२.८९८ मिलिमीटर-केल्विन) मिळतो. एकच फल निरनिराळ्या शाखांत पुन्हा पुन्हा येत होते, पण त्याला सर्वमान्य नाव नव्हते. १९९६ मध्ये कॉरलेस, गोनेट, हेअर, जेफ्री आणि क्नुथ या पाच जणांनी एका निबंधात त्याचे गुणधर्म एकत्र मांडले. तेव्हापासून ‘लँबर्टचे डब्ल्यू फल’ हे नाव रूढ झाले. १७५८ पासून मोजले तर २३८ वर्षांनी!

‘मग हे नुसते नाव देणेच झाले,’ असे कोणी म्हणेल. खरे आहे. पण ‘२ चा क्षवा घात = ५’ याचे उत्तर आपण ‘५ चा लॉग भागिले २ चा लॉग’ असे लिहितो, तेव्हा तरी वेगळे काय करतो? लॉग हेही नेपियरने १६१४ मध्ये दिलेले नावच आहे. किंमत आपण कोष्टकातून किंवा गणकयंत्रातूनच घेतो. सवयीने ते ‘उत्तर’ वाटते, इतकेच. म्हणून वर्गात ‘हे सुटत नाही’ म्हणण्याऐवजी ‘आपल्याला माहीत असलेल्या फलांनी सुटत नाही’ असे म्हणावे. पहिल्या वाक्याने प्रश्न मिटतो, दुसऱ्याने तो सुरू होतो.

विद्यार्थ्यांना एक प्रयोग द्या. गणकयंत्रावर ०.३ घ्या, २ चा तितकावा घात काढा, ४ ने भागा. आलेल्या उत्तरावर हीच कृती पुन्हा करा. ०.३०७८, ०.३०९५, ०.३०९८... असे आकडे येतील. आता सुरुवात ३.९ पासून करायला सांगा, आणि मग ४.१ पासून. दोन्ही वेळा ४ हे उत्तर अगदी शेजारी असूनही हाती का लागत नाही, याचे कारण त्यांनाच आलेखावर शोधू द्या.