एकदा उठवलेला अंगठा

12 मे 1875 रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे जाळले. अंगठा एकदाच उठवलेला, पण कागद सावकाराच्या पेटीत आणि आकडा वाढतच चाललेला! पुढे 1879 च्या कायद्याने पुण्यासह चार जिल्ह्यांतल्या शेतकऱ्याला पावती आणि हिशेब मागायचा हक्क दिला.

आता अंगठा मोबाईलवर उठतो. साडीवर ‘शंभर रुपये सूट’ मोठ्या अक्षरात, सभासदत्व बारीक अक्षरात. पहिला महिना फुकट, मग दरमहा खात्यातून पैसे कापले जातात. गटात वीस रुपयांनाही आम्ही सही घेतो. इथे एका होकारावर वर्षभर वसुली.

आपल्या नाते गावात जन्मलेले चिंतामणराव देशमुख 1943 मध्ये रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. त्याच बँकेच्या नियमाने 1 ऑक्टोबर 2021 पासून कार्डावरून अशी ठरावीक कपात होण्याच्या किमान 24 तास आधी संदेश यावा लागतो, नकारही देता येतो. संदेश इंग्रजीत आला की आम्ही तो पुसून टाकतो, तिथंच फसतो. सभासदत्व बंद करायची वाट लपवणं 2023 पासून केंद्राच्या नियमांत निषिद्ध आहे. तक्रारीचा नंबर 1915.