स्वस्त दागिन्यांतील शिसे आणि कॅडमियम

रायपूर रेल्वे स्थानकालगतचा गुढियारी परिसर घाऊक व्यापारासाठी ओळखला जातो. बाजारातून घेतलेला खोटा दागिना काळा पडला, तर दुकानदाराला जाब विचारता येतो. मोबाईलवरून मागविलेल्या शंभर रुपयांच्या कर्णफुलांचा विक्रेता मात्र ग्राहकाला दिसत नाही आणि त्यांतील धातू कोणता, हेही कळत नाही.

खोट्या दागिन्याने कान खाजला वा चिघळला, तर त्याचे कारण बहुधा निकेलची ॲलर्जी असते. दागिना काढला की त्रास सहसा ओसरतो. शिसे आणि कॅडमियम अशी सूचना देत नाहीत. हे दोन्ही धातू अनुक्रमे ३२७ आणि ३२१ अंश सेल्सियसला वितळतात. त्यामुळे त्यांचे ओतकाम सोपे व स्वस्त पडते. वरचा मुलामा घासला गेला की आतला धातू उघडा होतो. निव्वळ अंगावर घातल्याने तो शरीरात फारसा जात नाही. खरा धोका आहे तो दागिना चोखणाऱ्या वा गिळणाऱ्या लहान मुलांना.

अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात २००६ मध्ये बुटांसोबत भेट मिळालेल्या ब्रेसलेटचे पदक गिळल्याने चार वर्षांचा मुलगा दगावला. त्या पदकात ९९.१ टक्के शिसे आढळले. शिशाला निर्बंध आल्यावर काही चिनी उत्पादक कॅडमियमकडे वळल्याचे २०१० मध्ये उघडकीस आले. एका नमुन्यात ते ९१ टक्के होते. कॅडमियम मूत्रपिंडात वर्षानुवर्षे साठून राहते, तसेच ते कर्करोगकारक आहे. शिशाची कोणतीही मात्रा सुरक्षित मानली जात नाही.

ऑनलाइन विक्रीचे चित्र दक्षिण कोरियात २०२४ मध्ये स्पष्ट झाले. तेथील सीमाशुल्क विभागाने दोन चिनी संकेतस्थळांवरील ४०४ आभूषणे तपासली. ९६ मध्ये हे धातू मर्यादेबाहेर निघाले. युरोपीय संघात दागिन्यांतील कॅडमियमची मर्यादा ०.०१ टक्के, तर शिशाची ०.०५ टक्के आहे.

भारतात सोन्यासाठी हॉलमार्क २०२१ पासून टप्प्याटप्प्याने सक्तीचा झाला. खोट्या दागिन्यांना तो लागू नाही. 'केडीएम' हा शब्द मराठी घरांत शुद्धतेची खूण म्हणून रुळला होता, ही गंमतच म्हणायची. 'केडीएम' म्हणजे डाखात वापरले जाणारे कॅडमियमच होय.

'निकेलमुक्त' या शब्दावरून शिशाबद्दल काहीच सिद्ध होत नाही. धातूचे घटक एक्सआरएफ यंत्राने दागिना न तोडता तपासता येतात. ई-वाणिज्य नियम, २०२० नुसार विक्रेत्याचे नाव, पत्ता व आयात मालाचा मूळ देश दाखविणे बंधनकारक आहे. त्या पानाची प्रत आणि पावती जपून ठेवावी. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मुळे ग्राहकाला स्वतःच्या निवासाच्या जिल्ह्यात तक्रार करता येते. विक्रेता सुरतचा असो वा दिल्लीचा, गुढियारीतील ग्राहकाला रायपूरच्याच जिल्हा आयोगाकडे दाद मागता येईल. त्यासाठी दोन वर्षांची मुदत असून पाच लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला शुल्क नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

मुलाने दागिना गिळल्यास वाट न पाहता रुग्णालय गाठावे. तसाच दुसरा दागिना घरात असल्यास तो डॉक्टरांना दाखवावा.