तिसऱ्या दिवशीचे डाग

मातीतले जीवाणू काय खातात, असे वर्गात विचारले तर कुजलेला पाला, मेलेली मुळे अशी उत्तरे येतात. जीवाणू जिवंत जीवाणूची शिकारही करतो, हे उत्तर क्वचितच येते. अशा एका शिकाऱ्याचा शोध १९६२ साली लागला. शोधणारा मात्र वेगळेच काही शोधत होता.

हाइन्झ स्टॉल्प हे जर्मन शास्त्रज्ञ बर्लिनमध्ये वनस्पतिरोगांवर काम करीत. पिकांना रोग आणणाऱ्या जीवाणूंना मारणारे विषाणू त्यांना मातीतून मिळवायचे होते. त्याची रीत अशी: माती पाण्यात कालवून गाळायची, ते पाणी जीवाणूंत मिसळून पेट्री बशीतल्या आगरवर पसरायचे. जीवाणूंचा दाट थर वाढतो. विषाणू असतील तर एका दिवसात थरावर स्वच्छ डाग पडतात. डाग नाहीत म्हणजे विषाणू नाहीत, बशी धुवायला टाकायची.

काही बशांत डाग पडले नाहीत. पण स्टॉल्प यांनी त्या टाकल्या नाहीत. पुढे त्यांत डाग उमटले आणि रोज मोठे होत गेले. इथेच कोडे होते. विषाणूंना सहसा वाढते जीवाणू लागतात. थराची वाढ थांबली की डागही थांबतो. हा डाग का थांबत नव्हता? स्टॉल्प यांनी त्यातील द्रव सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. अतिशय लहान, वाकडे जीवाणू भन्नाट वेगाने पोहत होते आणि मोठ्या जीवाणूंवर आदळून त्यांना चिकटत होते.

१९६३ साली स्टॉल्प आणि अमेरिकेतील मॉर्टिमर स्टार यांनी त्याला डेलोव्हिब्रिओ बॅक्टेरिओव्होरस हे नाव दिले. ग्रीक भाषेत डेला म्हणजे जळू. हा जीवाणू जळूसारखा बाहेरूनच चिकटतो, अशी तेव्हाची समजूत होती. पुढे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने ती दुरुस्त केली. तो भक्ष्याच्या बाहेरच्या आवरणाला भोक पाडून आत शिरतो, बाहेरच्या व आतल्या आवरणांमधल्या जागेत राहून भक्ष्य पचवतो, लांब वाढतो, त्याचे तुकडे होऊन पिल्ले बनतात आणि तीन-चार तासांत भक्ष्य फोडून बाहेर पडतात. समजूत बदलली, नाव जळूचेच राहिले.

त्याचे भक्ष्य ग्रॅम-ऋण जीवाणू. औषधांना दाद न देणारे अनेक रोगजंतू याच गटातले, म्हणून आज त्याच्याकडे आशेने पाहिले जाते. २०१६ साली असाच रोगजंतू टोचलेल्या झेब्राफिश माशांच्या पिल्लांना डेलोव्हिब्रिओ दिल्यावर त्यांतील अधिक पिल्ले जगली. माणसावरील औषध मात्र अजून दूर आहे.

एका दिवसाचा नियम चुकीचा नव्हता. विषाणूंसाठी तो योग्यच होता. पण त्या नियमाने पाहणाऱ्याला हा शिकारी दिसणे शक्य नव्हते. वर्गातला प्रयोग 'फसला' म्हणून आपण वहीत काट मारतो. त्याआधी मुलांना एक प्रश्न विचारू या: उत्तर आले नाही, की आपण ज्याची वाट पाहत होतो तेवढेच आले नाही?