घरचा रियाज

मुलाच्या हाती वाद्य देणे सोपे; ते हात रोज त्या वाद्यावर बसविणे अवघड. गुरू आठवड्यातून एकदोनदा भेटतो, रियाज मात्र रोज घरीच व्हावयाचा असतो. या कामी घरच्या माणसांचा वाटा केवढा असतो, हे गोमंतकाच्या संगीतेतिहासात स्पष्ट दिसते.

शापोरा नदीच्या मुखाशी वसलेली मोरजी पेडणे महालात मोडते. हा महाल सावंतवाडीकरांकडून पोर्तुगिजांकडे गेला तो १७८८ साली. जुन्या काबिजादी त्यापूर्वी दोन शतकांहून अधिक काळ परकी अंमलाखाली होत्या. तेथे चर्चच्या शाळांतून मुले स्वरलिपी वाचीत व व्हायोलिन शिकत. माजोर्ड्यास १९२७ साली जन्मलेले अँथनी गोन्साल्विस त्याच परंपरेतले; तरी त्यांचे पहिले गुरू घरातच होते. त्यांचे वडील चर्चच्या गायनवृंदाचे प्रमुख होते. पेडण्याकडे तर देऊळ आणि घर हीच वाद्याची पाठशाळा.

तिथले घुमट म्हणजे दोन तोंडांचे मातीचे भांडे. मोठ्या तोंडावर कातडे ताणलेले, धाकटे तोंड उघडे. उजव्या हाताने आघात करावयाचा आणि डाव्या तळव्याने उघडे तोंड झाकून व सोडून नाद घडवावयाचा. चतुर्थीच्या आरतीत घुमट, शामेळ व कांसाळे एकत्र वाजतात, आणि घरातले मूल मोठ्यांच्या शेजारी बसते. त्याचा हात चुकला तरी आरती थांबत नाही. त्याला पुढच्या समेवर येऊन मिळावे लागते. रागावण्याने जे साधत नाही ते या सोबतीने साधते.

बोरी गावचे तुळशीदास बोरकर (१९३४–२०१८) यांना हार्मोनियमचे पहिले पाठ आईकडून मिळाले. पुढे ते पी. मधुकर, म्हणजे मधुकर पेडणेकर, यांचे शिष्य झाले. नभोवाणीने १९४० साली हार्मोनियमवर बंदी घातली व ती सुमारे तीस वर्षे टिकली. ज्या वयात या मुलाची बोटे वळत होती, त्याच काळात त्याच्या वाद्याला रेडिओचे दार बंद होते. अशा वेळी घरातील एक जाणता कान किती मोलाचा ठरला असेल! त्याच वादकाला २०१६ साली पद्मश्री मिळाली.

घुमटावरही संकट आले. पूर्वी त्यावर घोरपडीचे कातडे चढवीत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर बकऱ्याच्या कातड्याकडे वळावे लागले. २०१९ साली गोवा शासनाने घुमटास राज्याचे वारसा वाद्य म्हणून मान्यता दिली. परंतु सरकारी मान्यतेने हातात ठेका येत नाही. तो घरातच यावा लागतो.

त्यासाठी आईबापांनी वादक असले पाहिजे असे नाही. रोजची वेळ ठरवावी, ती थोडी असावी पण चुकू नये. प्रत्येक चुकीला टोकू नये. अडलेला तुकडा संथ लयीत पुन्हा वाजवू द्यावा. हाताने टाळी धरून शेजारी बसणे तर कोणालाही जमते. मूल एकटे नाही, त्याचे वाजविणे कोणीतरी ऐकत आहे, एवढे त्याला कळले तरी उद्याच्या रियाजास ते आपण होऊन बसते.