ध्वनिवर्धकाची वीज : थरथरत्या पट्टीपासून एसएमपीएसपर्यंत

बेळगावहून लोंढ्याकडे निघालेली आगगाडी खानापूर सोडून पुढे गेली की वाटेत गुंजी हे लहानसे स्टेशन लागते. माउलीच्या देवस्थानामुळे हे गाव आसपासच्या मुलखाला परिचित आहे. समजा, या गावातील एखाद्या हौशी तरुणाने भजनी मंडळासाठी घरीच ध्वनिवर्धक, म्हणजे अॅम्प्लिफायर, जुळवावयास घेतला. तो बहुधा पहिला विचार करील चिपचा आणि कर्ण्यांचा. वीजपुरवठा हा त्याच्या मनात शेवटचा. वस्तुतः क्रम याच्या उलट हवा. अॅम्प्लिफायर स्वतः शक्ती निर्माण करीत नाही. पुरवठ्यातून येणाऱ्या शक्तीला तो सुराच्या आज्ञेप्रमाणे वाट करून देतो. कर्ण्यातून जो आवाज निघतो, त्याची सारी पुंजी पुरवठ्याची असते. म्हणून आज बाजारात सहज मिळणारा एसएमपीएस निवडताना या पुरवठ्याचा पूर्वेतिहास ध्यानी घेणे उपयोगाचे आहे.

१९२७ च्या जुलैमध्ये मुंबईचे नभोवाणी केंद्र सुरू झाले, त्या काळी आवाज वाढविण्याचे काम काचेचे व्हॉल्व्ह करीत. व्हॉल्व्हला दोन प्रकारची वीज लागे. तार तापविण्यासाठी थोड्या व्होल्टांची, आणि मुख्य कामासाठी शंभर-दोनशे व्होल्टांची. वीज नसलेल्या खेड्यात एवढा दाब आणावयाचा कोठून? कोरड्या बॅटऱ्यांची माळ हा एक उपाय होता. पण तो खर्चिक आणि अल्पजीवी. पुढे तिसाच्या दशकात मोटारगाडीत रेडिओ बसविण्याची हौस आली आणि तिच्यातून एक चतुर युक्ती पुढे आली. पोलादाची एक छोटी पट्टी विद्युत्चुंबकाच्या ओढीने थरथरत राहावयाची आणि बॅटरीचा सरळ प्रवाह सेकंदाला शंभराच्या आसपास वेळा तोडावयाचा. तुटक झालेला हा प्रवाह ट्रान्सफॉर्मरमध्ये सोडला की सहा व्होल्टांचे दोनशे व्होल्ट करता येत. या उपकरणाला व्हायब्रेटर म्हणत.

खेड्यापाड्यांत रेडिओ नेण्याच्या कामी बॅटरीवरील संचांचे मोल फार होते. १९५६ साली पुणे आकाशवाणीने युनेस्कोच्या साहाय्याने शेतकरी श्रोतृमंडळांचा प्रयोग केला. त्यात पाच जिल्ह्यांतील सुमारे दीडशे गावे होती, आणि निपाणीला लागून असलेला कोल्हापूर जिल्हा त्यांपैकी एक होता. त्याच वर्षीच्या १ नोव्हेंबरला खानापूर तालुका मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. सीमेच्या दोन्ही बाजूंना ज्या गावी तारा पोचल्या नव्हत्या, त्या गावाचे ऐकणे बॅटरीच्या भरवशावर होते.

व्हायब्रेटरची खोड मात्र कोणालाही लपविता आली नाही. प्रत्येक तोडीबरोबर सूक्ष्म ठिणगी उडे आणि तिची खरखर त्याच रेडिओत ऐकू येई. म्हणून ती पट्टी धातूच्या डब्यात बंद करीत, बाहेर गाळण्या लावीत, आणि तरीही संपर्काची टोके कालांतराने जळत. प्रवाह तोडला की गोंगाट उठतो, आणि तो कोंडावा लागतो, हा पाठ तेव्हाच मिळाला होता.

जेथे वीज आली तेथे दुसरी परंपरा रुजली. लोखंडी गाभ्याचा जड ट्रान्सफॉर्मर, रेक्टिफायर, चोक आणि कंडेन्सर. १९४७ साली 'वायरलेस वर्ल्ड' या इंग्रजी मासिकात विल्यमसन यांच्या अॅम्प्लिफायरची मांडणी प्रसिद्ध झाली आणि घरी अॅम्प्लिफायर बांधण्याची लाट देशोदेशी पसरली. त्यातही पुरवठा याच जड जातीचा होता. त्याला सेकंदाला शंभर आवर्तनांची घरघर लागे. पण त्याच्या अंगी एक गुण होता. क्षणभर दुप्पट मागणी आली तरी तो दाब थोडा उतरवून ती भागवी.

हा ट्रान्सफॉर्मर जड का? आपल्या विजेची आवर्तने सेकंदाला केवळ ५० आहेत म्हणून. आवर्तने जितकी अधिक, तितका गाभा लहान पुरतो. परंतु साधे लोखंड फार जलद आवर्तनांत तापते. फिलिप्सच्या प्रयोगशाळेत स्नूक यांनी तिसाच्या व चाळिसाच्या दशकांत फेराइट या द्रव्यावर केलेल्या कामाने ती अडचण दूर झाली. पुढे उच्च दाब सोसणारे ट्रान्झिस्टर आले. १९७७ च्या अॅपल-२ या संगणकात रॉड होल्ट यांनी असाच हलका पुरवठा बसविला, आणि संगणकांबरोबर ही जात घरोघर गेली. तत्त्व मात्र जुन्या व्हायब्रेटरचेच. पट्टीच्या जागी ट्रान्झिस्टर आला आणि शंभराच्या जागी सेकंदाला साठ-सत्तर हजार किंवा अधिक तोडी आल्या.

आता निवडीकडे वळू. खेड्यात विजेचा दाब पुष्कळदा उतरतो. २३० व्होल्टांचे १८० झाले, तर जुन्या पुरवठ्यावरील ५० वॉटचा अॅम्प्लिफायर जेमतेम ३० वॉट देईल. कारण शक्ती दाबाच्या वर्गाप्रमाणे घटते. १०० ते २४० व्होल्ट असा पल्ला छापलेला एसएमपीएस मात्र आपला दाब जागचा हलू देत नाही. गुंजीच्या तरुणाने एसएमपीएस घ्यावा, याचे हे सर्वांत सबळ कारण. काही पुरवठ्यांवर मात्र ११० आणि २२० अशी सरकती कळ असते. ती आपल्याकडे २२० वरच हवी. चुकून ११० वर राहिली तर पुरवठा पहिल्याच क्षणी जळेल.

दुसरी कसोटी राखीव शक्तीची. लॅपटॉपचा १९ व्होल्ट, ३.४२ अँपिअरचा, म्हणजे ६५ वॉटचा अॅडॅप्टर पुष्कळांच्या घरी पडून असतो. संथ गाण्याला तो पुरेल. गाण्याची सरासरी मागणी थोड्या वॉटांचीच असते. पण पखवाजावर डाव्या हाताची थाप पडली, की चार ओहमचा एकेक कर्णा क्षणभर साडेचार अँपिअरपर्यंत प्रवाह मागतो. दोन कर्णे मिळून नऊ. जुना ट्रान्सफॉर्मर अशा वेळी थोडा वाकला असता. एसएमपीएसचे संरक्षक मंडल पुरवठाच तोडते आणि ऐन रंगात भजन मुके होते. म्हणून सरासरी न पाहता थाप पाहावी. टीपीए ३११६ सारख्या चिपला २४ व्होल्टांचा, निदान १५० वॉटचा पुरवठा योग्य. त्या चिपची कमाल मर्यादा २६ व्होल्ट आहे, तेव्हा दाब वाढविण्याचा मोह टाळावा. कंडेन्सरही काही हजार मायक्रोफॅरडपर्यंतच जोडावेत. फार मोठे जोडले तर सुरू होताना ते पुरवठ्याला शॉर्टसारखे भासतात आणि तो पुनःपुन्हा बंद पडतो.

तिसरी कसोटी गोंगाटाची. सेकंदाला ६५ हजार तोडी करणाऱ्या पुरवठ्याच्या नवव्या पटीपासून चोविसाव्या पटीपर्यंतची सोळा आवर्तने रेडिओच्या मध्यम लहरींच्या पट्ट्यात पडतात. ज्याच्या पोटी गाळणी नाही असा स्वस्त पुरवठा लावला, तर शेजारच्या घरातील मध्यम लहरींवरचे आकाशवाणी केंद्रही खरखरीत बुडेल. परीक्षा सोपी आहे. साधा रेडिओ मध्यम लहरींवर लावून पुरवठ्याजवळ न्यावा. दुकानात अशी परीक्षा करू दिली तर फारच उत्तम.

शेवटची गोष्ट जिवाची. एसएमपीएसमध्ये २३० व्होल्टांचे सव्वातीनशे व्होल्ट होऊन कंडेन्सरमध्ये साठतात, आणि बटण बंद केल्यावरही ते काही काळ तेथे राहू शकतात. जुन्या संचातील ट्रान्सफॉर्मर हातात घेऊन शिकलेल्यांनी त्याच निर्धास्तपणे याची पेटी उघडू नये. पुरवठा तयार, बंद पेटीतील आणि भारतीय मानक ब्युरोची खूण असलेला घ्यावा. त्याला अर्थिंगची जागा असेल तर ती खऱ्या अर्थिंगला जोडावी. धातूच्या पेटीला हात लावताच झिणझिण्या आल्या, तर ती सवयीची बाब मानून सोडून देऊ नये. गाणाऱ्याच्या हातात मायक्रोफोन असतो, आणि पायाखाली पुष्कळदा ओली फरशी.

कर्ण्यावर चार पैसे कमी झाले तर आवाज थोडा उणा पडेल. पुरवठ्यावर केलेली काटकसर मात्र शेजाऱ्याचा रेडिओ, मंडळाचे भजन आणि प्रसंगी गाणाऱ्याचा जीव यांना भोवेल. घरी अॅम्प्लिफायर बांधणाऱ्याने खर्चाची मांडणी करताना पहिली ओळ पुरवठ्याची लिहावी, एवढेच माझे सांगणे.