मजारीचे तळे आणि काचेची टाकी

कासव आणि मासे एकाच पाण्यात पाळता येतात का? फिश टँक घेणारे पुष्कळ जण हा प्रश्न विचारतात. माझ्या भाच्यानेही विचारला. त्याला उत्तर देताना मला आठवली ती बांगलादेशातली चटगावची एक मजार.

बायझीद बस्तामी हे नवव्या शतकातले इराणी सूफी. त्यांची कबर इराणमधल्या बस्ताम गावी आहे. ते चटगावला आले होते, याला इतिहासाचा आधार नाही. तरीही तिथल्या नसीराबादच्या टेकडीवर त्यांच्या नावाची मजार आहे आणि टेकडीच्या पायथ्याशी मोठे तळे आहे. त्या तळ्यात माशांच्या सोबतीने काळसर, मऊ पाठीची कासवे राहतात. ही कासवे म्हणजे बायझीदांनी शाप दिलेले दुष्ट जिन्न, अशी लोककथा आहे. त्यामुळे त्यांना कोणी मारत नाही. उलट जियारतीला येणारे लोक त्यांना पाव, केळी, मांसाचे तुकडे खाऊ घालतात.

कोलकात्याच्या इंडियन म्युझियमचे जॉन अँडरसन यांनी 1875 मध्ये या कासवाची शास्त्रीय नोंद केली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला नेल्सन अ‍ॅनन्डेल यांनी लिहिले, की हाक मारली की ही कासवे पायऱ्यांपाशी येतात. पुढे रानात हे कासव कोणाला सापडेना. 2002 मध्ये आययूसीएनने ते निसर्गातून नामशेष झाल्याचे जाहीर केले. म्हणजे जगाच्या हिशेबात एक अख्खी जात फक्त एका मजारीच्या तळ्यात उरली होती! मन्नतींबद्दल माझे मत काहीही असो, हे श्रेय त्या तळ्याचेच आहे.

नंतर तेच कासव आसामातही आढळले, आणि तेही मुख्यतः देवळांच्या तळ्यांत. हाजोचे हयग्रीव माधव मंदिर आणि गुवाहाटीचे उग्रतारा मंदिर ही त्यांतली दोन ठिकाणे. हाजोलाच गियासुद्दीन औलियांचा 'पोवा मक्का' नावाचा दर्गाही आहे. इकडे मजार, तिकडे मंदिर, पण पाण्यातला जीव एकच.

अर्थात श्रद्धेचे संरक्षण पक्के नसते. सिलहटला शाहजलालांच्या दर्ग्याच्या तळ्यातले गजार मासेही असेच लाडके आहेत. 2003 मध्ये कोणीतरी त्या तळ्यात विष घातले आणि शेकडो मासे मेले.

आता घरातल्या टाकीकडे वळू. बहुतेक देशी कासवे पाळणे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. म्हणून दुकानात उघडपणे मिळते ते अमेरिकेचे, डोळ्यामागे लाल पट्टा असलेले कासव. याचाही इतिहास आहे. लहान कासवांमुळे मुलांना साल्मोनेलाची लागण होऊ लागली, म्हणून अमेरिकेने 1975 मध्ये चार इंचांहून लहान कासवांच्या विक्रीवर बंदी घातली. तिथल्या कासव-शेतांनी मग परदेशी गिऱ्हाईक धरले. 1989 ते 1997 या काळात 5 कोटींहून अधिक कासवे अमेरिकेबाहेर गेली. 1997 मध्ये युरोपीय संघाने त्यांची आयात बंद केली.

नाण्याएवढे पिल्लू पाहून आपण भुलतो. पण त्या वयात ते मांसाहारीच असते. गप्पी, टेट्रा हे त्याचे खाद्य. मोठा गोल्डफिश वाचला, तरी त्याचे पर कुरतडले जातात. कासवाची घाणही फार. दोन फुटांच्या टाकीत अमोनिया वाढतो आणि मासे गुदमरतात. कासवाला बसायला कोरडी जागा आणि ऊनही लागते. मजारीच्या तळ्यात माशाला पळायला जागा आहे, कासवाला काठ आहे. काचेच्या पेटीत दोन्ही नाहीत. भाच्याला मी सांगितले: मासे पाळ किंवा कासव, दोन्ही नको.

पिल्लाची पाठ पुढे वीतभर होते, आणि ते वीस-तीस वर्षे जगू शकते. वास मारू लागला, की घरचे कंटाळतात. मारवत तर नाही, मग एखाद्या तळ्यात सोडून देतात. दर्ग्याचे किंवा देवळाचे तळे असले तर मनाला बरेही वाटते. पण हे परके कासव अन्न आणि उन्हाची जागा बळकावते, रोगही आणू शकते. काही वर्षांपूर्वी अभ्यासकांना ते गुवाहाटीजवळच्या दीपोर बील या पाणथळीत सापडले, आणि उग्रतारा मंदिराच्या तळ्यातही.