घरच्या सर्व्हरवर काय ठेवावे?

अडगळीत पडलेला एखादा जुना संगणक पुष्कळ घरांत आणि शाळांत असतो. त्यावर लिनक्स घालून तो कायम चालू ठेवला आणि बाकीच्या संगणकांनी त्याच्याकडून फायली मागून घ्यायच्या असे ठरवले, की झाला सर्व्हर. प्रश्न पडतो तो पुढे : त्यावर कोणते सॉफ्टवेअर ठेवायचे? फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरची यादी एवढी लांब आहे, की आम्ही पहिल्याच महिन्यात अकरा बसवली. त्यांतली दोनच रोज उपयोगी पडली. योगायोग असा, की दोन्हींचा मूळ कर्ता एकच आहे.

1991 च्या डिसेंबरात अँड्र्यू ट्रिजेल हे कॅनबेरा येथील ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीत पीएच.डी. करत होते. त्यांना हवे असलेले एक सॉफ्टवेअर डिजिटल कंपनीच्या पाथवर्क्सवरच चाले, आणि पाथवर्क्स घातले की विभागातल्या सन संगणकांवरील फायली मिळेनाशा होत. संगणक आपसात कोणत्या भाषेत बोलतात याची माहिती हाती नव्हती. मग त्यांनी तारेवरून जाणारे संदेश चोरून ऐकले. परका माणूस खाणावळीत बसून गिऱ्हाईक काय म्हणते आणि वाढपी काय आणतो हे पाहत भाषा शिकतो, तसाच हा प्रकार. 1992 च्या जानेवारीत त्यांचा सर्व्हर तयार झाला आणि नंतर बाजूला पडला. सुमारे दोन वर्षांनी त्यांना घरी पत्नीचा संगणक आपल्या लिनक्सच्या संगणकाला जोडायचा होता. जुनीच आज्ञावली लावून पाहिली, तर ती चालली! म्हणजे घरच्या सर्व्हरची परंपरा तशी जुनीच म्हणायची. पुढे नाव बदलावे लागले, तेव्हा एस, एम, बी ही अक्षरे याच क्रमाने असलेले शब्द त्यांनी शब्दसूचीतून संगणकाकडूनच शोधून घेतले. त्यांतून ‘साम्बा’ हे नाव निघाले.

दुसरी आज्ञावली आरसिंक. ट्रिजेल आणि पॉल मॅकेरस यांनी ती 1996 मध्ये प्रसिद्ध केली. तिची युक्ती वर्गात दाखवता येते. हजेरीपटाच्या दोन प्रती दोन गावी आहेत आणि एकीत थोडा बदल झाला आहे, असे समजू. सगळा पट पाठवण्याऐवजी प्रत्येक पानाची बेरीज फोनवर सांगावी. जुळणार नाही तेवढेच पान पाठवावे. पण वर एक ओळ नवी घातली गेली, तर पुढची सगळी पाने सरकतात आणि एकही बेरीज जुळत नाही! यावर उपाय असा : पानाच्या कडा धरून न बसता बेरीज एकेक ओळ खाली सरकवायची. वरची ओळ वजा करायची, खालची मिळवायची. पुन्हा पहिल्यापासून मोजायला नको. सरकलेले पान असे सापडतेच. आरसिंक हेच अक्षरांच्या बाबतीत करते, आणि बेरीज योगायोगाने जुळली नसेल ना, याची दुसऱ्या कडक कसोटीने खात्री करून घेते.

निवडताना आता आम्ही एकच प्रश्न विचारतो : हे सॉफ्टवेअर उद्या काढून टाकले, तर आपल्या हाती काय उरेल? साम्बा काढले तरी फायली आपल्या जागी साध्या फायलीच राहतात. मूळ आज्ञावली खुली असण्याला महत्त्व आहे ते याचसाठी. 2010 साली ओनक्लाउड सुरू करणारे फ्रँक कार्लिचेक 2016 मध्ये बाहेर पडले, आणि त्याच आज्ञावलीवरून नेक्स्टक्लाउड उभे राहिले. एम्बीची दारे 2018 मध्ये बंद झाली, तेव्हा जेलीफिन निघाले. दोन्ही वेळी वापरणाऱ्यांना पुढची वाट मिळाली.

एक चूक मात्र सर्वस्वी आमचीच. आरसिंकला आम्ही रोज रात्री दुसऱ्या डिस्कवर हुबेहूब प्रत करायला सांगितले होते. मूळ ठिकाणचे पुसले गेले तर तिथलेही पुसायचे, असे. एका विद्यार्थिनीच्या तीन पावसाळ्यांच्या नोंदींचा कप्पा कोणाच्या तरी हातून पुसला गेला, आणि त्या रात्री प्रतीतूनही इमानेइतबारे नाहीसा झाला. दोन पावसाळे तिच्या वह्यांवरून पुन्हा उतरवता आले. तिसऱ्याची वहीच नव्हती.

आता सर्व्हरवर साम्बा आहे, आरसिंक आहे आणि इंटरनेटविना विकिपीडिया दाखवणारे किविक्स आहे. प्रती रोज वेगळ्या तारखेच्या कप्प्यात पडतात. दर महिन्याला त्यांतली एखादी जुनी फाइल खरोखर उघडून पाहण्याचे काम त्याच विद्यार्थिनीने आपणहून घेतले आहे.